काढलं तरी परत येतं: लॅपटॉपबरोबर आलेलं नकोसं सॉफ्टवेअर

“दादा, परत आलंय की ते!”

खानापूरहून मावसबहिणीचा फोन. ‘ते’ म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. दोन महिन्यांतला हा तिसरा फोन. डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा घेतलेला लॅपटॉप, आठ जीबी रॅम, विंडोज 11. उजव्या कोपऱ्यात खालून लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटीव्हायरसची एक खिडकी वर सरकते. वर लाल पट्टा, ‘तुमचा संगणक सुरक्षित नाही’ असा मजकूर आणि खाली दोन बटणं: ‘आत्ता नूतनीकरण करा’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ म्हणायची सोयच नाही. मी ते दोनदा काढलं होतं, मध्येच कॉलेजातल्या कुणीतरीही हात साफ करून घेतला होता. तरी येरे माझ्या मागल्या.

बेळगावच्या शहापुरात माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, कन्नड अर्ज, मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिका. संगणक दुरुस्ती हा माझा धंदा नव्हे, पण दुकानात चार संगणक चालू दिसले की लोक आपला पाचवा आणून ठेवतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून नवे लॅपटॉप घेणारे वाढले आणि त्यांच्याबरोबर ही तक्रारही.

काढायचं कसं हे आता कॉलेजातल्या पोरांना येतंच. अडतं ते पुढे. परत आणतंय कोण, हे कुणी बघत नाही. बहिणीच्या तीन फोनांची तीन वेगवेगळी कारणं होती, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या फोनपर्यंत माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मी आपला दर वेळी तेच ते काढत बसलो होतो.

आधी पंचनामा

‘सेटिंग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्स’, त्यात ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’. यादी उघडली की ती नावांप्रमाणे लागलेली असते. ती तारखेप्रमाणे लावा आणि मोबाइलनं फोटो काढून ठेवा, वरपासून खालपर्यंत. हा फोटो पुढे उपयोगी पडतो. परत आलेल्या वस्तूवर नवी तारीख असते आणि निम्मी चोरी तिथेच पकडली जाते.

उरलेली निम्मी पकडायला विंडोजमध्येच एक रोजनिशी आहे, ती फारशी कुणी उघडत नाही. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. दिवसागणिक एक उभा रकाना दिसतो. ज्या दिवशी आगंतुक परतला, त्या रकान्यावर टिचकी मारली की खाली त्या दिवशी काय काय बसलं, काय अपडेट झालं, काय बंद पडलं याची नोंद येते. त्या तारखेला विंडोज अपडेट झालंय का, स्टोअरमधून काही उतरलंय का, की लॅपटॉप कंपनीच्या कुठल्या प्रोग्रॅमनं काही बसवलंय, हे बघा. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे ती मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पोचतात. ‘बुधवारी आलं’ असं कुणी म्हणालं की मी आधी कॅलेंडर बघतो.

आणि काहीही काढण्याआधी रिस्टोर पॉइंट करून घ्या, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीला नेता येतं. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधा. बऱ्याच लॅपटॉपांवर सी ड्राइव्हचं हे संरक्षण बंदच असतं, ते आधी चालू करावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिला फोन: निम्मंच निघालं होतं

लॅपटॉपबरोबर येणारी चाचणी मुदतीची अँटीव्हायरस एकटी येत नाहीत. एक मुख्य प्रोग्रॅम, एक ब्राउझरमध्ये बसणारा तुकडा आणि पुष्कळदा त्याच कंपनीचं एक स्टोअर अ‍ॅप, म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या पद्धतीचं अ‍ॅप. यादीत ही तीन वेगळ्या नावांनी असतात, एकमेकांपासून लांब. पहिल्या वेळी मी मुख्य प्रोग्रॅम काढला आणि निर्धास्त झालो. कोपऱ्यातली खिडकी दाखवत होतं ते स्टोअर अ‍ॅप, ते जागचं हललंच नव्हतं. म्हणजे परत आलं असं आम्ही म्हणत होतो, पण ते मुळात गेलंच नव्हतं.

म्हणून नावावर जाऊ नका, प्रकाशकावर जा. विंडोज कळ आणि आर दाबून ‘अ‍ॅपविझ’, टिंब, ‘सीपीएल’ असं इंग्रजीत टाइप केलं की जुनं कंट्रोल पॅनेल उघडतं. तिथे ‘पब्लिशर’ असा रकाना आहे. त्यावर टिचकी मारली की एका कंपनीचं सगळं एका जागी येतं. स्टोअर अ‍ॅप मात्र या जुन्या यादीत दिसत नाहीत, ती सेटिंग्जच्याच यादीत बघावी लागतात. दोन्ही याद्या बघायच्या.

काढताना पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. मोठं रंगीत बटण नेहमी ‘ठेवा’चं असतं. ‘तरीही काढा’ हे खाली, करड्या अक्षरात, बटण वाटूच नये अशा बेतानं. मॅकाफी, नॉर्टन अशा कंपन्यांची स्वतःची सफाईची साधनंही आहेत. नेहमीच्या पद्धतीनं काढून, संगणक रीस्टार्ट करून, मग ते साधन चालवलं की मागे राहिलेल्या, पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसेस निघतात. साधन त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. सर्चमध्ये वरच्या जाहिरातींत याच नावाचे तोतये असतात.

“मग व्हायरस नाही का येणार?” हा प्रश्न बहिणीनं विचारला, तिच्या आईनं विचारला, दुकानात चहा घेऊन येणाऱ्या पोरानंही विचारला. दुसरं अँटीव्हायरस गेलं की विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप चालू होतं. खात्रीसाठी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी खूण बघा. घरगुती वापराला तेवढं पुरतं असं माझं मत आहे. पैसे देऊन दुसरं घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण ते तुम्ही निवडलेलं असावं.

दुसरा फोन: भावाच्या खात्यात

दुसऱ्या वेळी मी तिघांनाही शोधून काढलं. पंधरा दिवसांनी फोन. यादीचा फोटो मागवला तर तिच्या यादीत काहीच नव्हतं.

“अगं, इथे तर काही दिसत नाही.”

“माझ्यात नाही दादा, अण्णाच्या खात्यात आलंय.”

धाकट्या भावासाठी तिनं त्याच लॅपटॉपवर दुसरं खातं काढलं होतं. आणि तिथे सगळं नव्यानं हजर.

याचं कारण समजलं की बरंच कोडं सुटतं. स्टोअर अ‍ॅप सेटिंग्जमधून काढलं की ते फक्त तुमच्या खात्यातून जातं. त्याचा साठा, ज्याला प्रोव्हिजन्ड पॅकेज म्हणतात, तो विंडोजकडे तसाच राहतो आणि नवं खातं उघडलं की त्यातून नवी प्रत वाढली जाते. पंगतीत उशिरा येऊन बसलेल्यालाही पहिल्यापासून सगळं वाढतात, तसं.

साठाच काढायचा तर पॉवरशेल लागतं, म्हणजे विंडोजला हुकूम टाइप करून द्यायची सोय. फोनवर तिला जसं सांगितलं तसंच इथे सांगतो. स्टार्टवर उजवी टिचकी, ‘टर्मिनल (अ‍ॅडमिन)’. मग इंग्रजीत: ‘गेट’, आडवी रेघ, मग ‘अ‍ॅपएक्स’, ‘प्रोव्हिजन्ड’, ‘पॅकेज’ हे तीन शब्द मध्ये जागा न सोडता, मग एक जागा, आडवी रेघ आणि ‘ऑनलाइन’. (‘अ‍ॅपएक्स’ म्हणजे ए, पी, पी, एक्स. तिनं आधी ई घातला होता.) या ‘ऑनलाइन’चा इंटरनेटशी संबंध नाही, आत्ता चालू असलेलं विंडोज एवढाच त्याचा अर्थ. लांबलचक यादी येते. त्यात नको असलेल्याचं ‘पॅकेजनेम’ शोधायचं, ते भलंमोठं नाव कॉपी करायचं. मग तीच ओळ पुन्हा, फक्त ‘गेट’च्या जागी ‘रिमूव्ह’, आणि शेवटी एक जागा, आडवी रेघ, ‘पॅकेजनेम’, जागा, आणि कॉपी केलेलं नाव. आधीच उघडलेल्या खात्यांत मात्र प्रत शिल्लक राहते, तिथे लॉगिन करून सेटिंग्जमधून काढावी. भावाच्या खात्यात तेच केलं.

स्टार्टमध्ये दिसणारे सगळेच चौकोन मात्र एवढ्या तोलाचे नसतात. त्यातली काही नुसती पाटी असते, प्रोग्रॅम बसलेलाच नसतो, टिचकी मारली की उतरू लागतो. त्यांना उजव्या टिचकीनं तिथूनच हाकला. आणि ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘नोटिफिकेशन्स’ यात तळाशी ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ आहे, तिथल्या सगळ्या खुणा काढा. अपडेटनंतर येणारी ‘चला, सेटअप पूर्ण करू या’ ही लाडीगोडी थांबते.

तिसरा फोन: सगळ्यांवर एकच तारीख

या वेळी फोटो बघितला आणि चक्रावलो. यादीतल्या जवळपास प्रत्येक अ‍ॅपवर एकच तारीख. आदल्या शनिवारची.

“शनिवारी काय केलंत?”

“काही नाही. कॉलेजात एकानं जरा साफ करून दिला.”

‘जरा साफ’ म्हणजे ‘रीसेट धिस पीसी’. लॅपटॉप हळू चालतो म्हणून त्या मुलानं रीसेट मारलं होतं. रीसेट म्हणजे सगळं कोरं, असा समज आहे, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तो चुकीचा आहे. कंपनीनं कारखान्यात बसवलेल्या गोष्टींचं गाठोडं डिस्कवरच रिकव्हरीच्या कप्प्यात बांधून ठेवलेलं असतं, रीसेट झालं की ते पुन्हा सोडलं जातं. रीसेट करताना ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘रिस्टोर प्रीइन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ असा पर्याय दिसला तर तो बंद करा, नाहीतर रीसेटच्या नादाला लागू नका.

मग शेवटी ती लॅपटॉप घेऊन बसनं बेळगावला आली आणि आम्ही तो मुळापासून नव्यानं बसवला. त्याकडे येतोच. त्याआधी बाकीच्या गिऱ्हाइकांकडे सापडलेल्या आणखी दोन वाटा.

कंपनीचा मदतनीस

निपाणीचे एक निवृत्त मास्तर दर महिन्याला काही ना काही कामाला येतात. त्यांच्या लॅपटॉपवर कंपनीचा गेमिंगचा प्रोग्रॅम दर अपडेटनंतर परत येई. मास्तर आणि गेमिंग! “मी कधी सोंगट्यासुद्धा खेळलो नाही हो,” म्हणाले.

तिथे दोघं जण मिळून काम करत होते. एक, लॅपटॉप कंपनीचा अपडेट करणारा प्रोग्रॅम. तो आपल्या भावंडांवर लक्ष ठेवतो, एखादं गेलं की ते आणून बसवतो. म्हणून काढायला सुरुवात त्याच्यापासून करायची, किंवा त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप बसवणं बंद करायचं. मी मास्तरांकडे तो ठेवला, कारण बायोसचं (मदरबोर्डवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं) अपडेट त्यातून सोपं जातं, फक्त त्याला ‘विचारल्याशिवाय काही करायचं नाही’ एवढं सांगून ठेवलं.

दुसरा होता विंडोजमधलाच एक जुना स्विच. स्टार्टमध्ये ‘चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधा. छोटी खिडकी येते, विचारते की तुमच्या उपकरणांसाठी उत्पादकांची अ‍ॅप आणि चिन्हं आपोआप उतरवू का. उत्तर ‘नो’. कळफलक, माउस किंवा प्रिंटर नुसता जोडला की त्याच्या कंपनीचा भलामोठा प्रोग्रॅम दारात उभा राहतो, त्यातले बरेच या ‘नो’नं थांबतात. सगळेच थांबत नाहीत. काही ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आपल्याबरोबर स्टोअर अ‍ॅपची मागणी घेऊनच येतात आणि तिथे माझाही इलाज चालत नाही. असं एखादं अ‍ॅप गपगुमान बसून असेल, पॉपअप दाखवत नसेल, तर मी ते सोडून देतो.

उरलंसुरलं बघायला विंडोज कळ आणि आर, मग ‘एमएसकॉन्फिग’. ‘सर्व्हिसेस’च्या पानावर खाली ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ला खूण केली की परक्यांची यादी उरते. तसंच ‘टास्क शेड्यूलर’मध्ये डावीकडे कंपनीच्या नावाचं फोल्डर असतं. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या नावानं दर रोज सकाळी काहीतरी चालू होताना दिसलं तर ते ‘डिसेबल’ करा. ‘डिलीट’ नको, चूक झाली तर परत फिरता येत नाही.

मदरबोर्डमधून येणारं

असेंबल केलेल्या संगणकावर वेगळंच भूत असतं. विंडोज नव्यानं बसवलं, इंटरनेट जोडलं, आणि लगेच मदरबोर्ड कंपनीचा प्रोग्रॅम ‘मला बसवा’ म्हणत कोपऱ्यात हजर. हार्डडिस्क पूर्ण पुसली तरी येणार, कारण तो डिस्कवर नाहीच, बायोसमध्ये आहे. विंडोज 8 पासून विंडोजमध्ये अशी सोयच आहे की फर्मवेअरनं, म्हणजे या बायोसनं, एक प्रोग्रॅम पुढे केला तर विंडोज सुरू होताना तो चालवतं. हेतू चांगला होता, चोरी झालेल्या लॅपटॉपचा माग राहावा वगैरे. कंपन्यांनी त्यात आपला माल भरला. 2015 मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत हेच सापडलं: विंडोज नव्यानं बसवलं तरी कंपनीचं सॉफ्टवेअर परत येत होतं, शेवटी बायोस अपडेट देऊन ते थांबवावं लागलं. मे 2023 मध्ये गीगाबाइटच्या अडीचशेहून जास्त मदरबोर्डांत असाच अपडेटर असुरक्षित पद्धतीनं चालतो असं इक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं.

इलाज सोपा आहे, पण तो विंडोजमध्ये शोधून सापडत नाही. संगणक चालू होताना डिलीट किंवा एफ 2 दाबून बायोसमध्ये जा. असुसच्या बोर्डावर आर्मरी क्रेट उतरवायचा पर्याय असतो, गीगाबाइटवर युटिलिटीज डाउनलोडरचा, एमएसआयवर ड्रायव्हर युटिलिटी इन्स्टॉलरचा. तो ‘डिसेबल’. बायोस अपडेटही करून घ्या, पण यूपीएसवर. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात दिवसातून चारदा लाइट जाते, आणि अपडेटच्या मध्ये गेली तर मदरबोर्ड हातात घेऊन दुकान गाठावं लागतं.

लेनोव्होचंच त्याच्या काही महिने आधीचं प्रकरण याहून वाईट होतं. सप्टेंबर 2014 पासून विकलेल्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर होतं, फेब्रुवारी 2015 मध्ये ते उघडं पडलं. ते काढलं तरी त्यानं बसवलेलं रूट सर्टिफिकेट (कुठलं संकेतस्थळ खरं हे संगणक ज्यावरून ठरवतो तो दाखला) मागेच राही, आणि बँकेच्या संकेतस्थळाचं सोंग घेणाऱ्यालाही त्याचा फायदा घेता आला असता. ‘प्रोग्रॅम गेला म्हणजे गेला’ यावरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला. आणि हे सगळं का, तर आपलं सॉफ्टवेअर आधीच बसवून द्यावं म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या लॅपटॉप कंपन्यांना पैसे देतात. 2008 च्या मार्चमध्ये सोनीनं काही वायो लॅपटॉपांवर ही भर काढून द्यायचे पन्नास डॉलर लावले होते. ओरड झाली तेव्हा फुकट केलं.

हे काढू नका

हा भाग आपल्याकडच्या लोकांनी नीट वाचावा, कारण बाहेरच्या याद्यांत तो सापडणार नाही.

आपल्या भागातल्या संगणकांवर बिनओळखीची नावं असतात आणि ती कामाची असतात. ग्राम वन हे कर्नाटक सरकारचं गावातलं सेवा केंद्र चालवणाऱ्या एकानं उत्साहात ‘आरडी सर्व्हिस’ असं नाव असलेलं काढून टाकलं. ती अंगठ्याच्या यंत्राची सर्व्हिस होती, त्याशिवाय अंगठा लावून आधारची पडताळणी होत नाही. बाहेर पहाणी (जमिनीचा उतारा) आणि दाखल्यांसाठी रांग, आत हा ड्रायव्हर शोधतोय. तसंच कर सल्लागारांकडे ‘ईपास 2003’ किंवा ‘प्रॉक्सकी’ अशी नावं दिसतात, ते डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर. जीएसटीच्या शेवटच्या तारखेला ते गेल्याचं कळलं तर माणूस काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही.

‘नुडी’ काढू नका. मराठी माणसाला वाटतं, आपल्याला कन्नड टायपिंगचं काय काम. पण तालुका कार्यालयातून आलेली जुनी फाइल नुडीच्या फाँटमध्ये असते, आणि फाँट गेला की तिच्यात इंग्रजी अक्षरांचा पाचोळा दिसतो. श्री-लिपीचंही तेच. माझ्याकडे पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका श्री-लिपीत आहेत, थोरल्याच्या पत्रिकेतली नावं बदलून धाकट्याची करायला लोक येतात.

याशिवाय व्हिज्युअल सी++ची पाच-सहा सारखी दिसणारी नावं, ‘वेबव्ह्यू 2 रनटाइम’, रिअलटेक, इंटेल, टचपॅड या गोष्टींना हात लावू नका. मायक्रोसॉफ्ट 365 मात्र इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश असं तीन-चारदा दिसेल, त्यातली परकी बिनधास्त काढा. एज ब्राउझर आपल्याकडे सरळ मार्गानं निघत नाही. युरोपात 2024 पासून कायद्यामुळे निघतं.

वनड्राइव्हची, म्हणजे फाइली इंटरनेटवर साठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमची, गोष्ट सांगतो, कारण त्यात माझं स्वतःचं नाक कापलं गेलं. नको होतं म्हणून दुकानातल्या संगणकावरून सरळ काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप रिकामा. त्यावर एका लग्नाची पत्रिका, एका बारशाचं आमंत्रण आणि शाळेच्या सहामाहीचे पेपर. वनड्राइव्हनं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं आपल्या पोटात घेतली होती आणि काही फाइली नुसत्या क्लाउडवर होत्या. मिळाल्या सगळ्या, पण दुपार गेली आणि पोटात गोळा आला तो वेगळाच. आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘सिंक अँड बॅकअप’, ‘मॅनेज बॅकअप’ यात जाऊन प्रत्येक फोल्डर बंद करा. फाइली परत स्वतःच्या फोल्डरात आल्या आहेत, उघडत आहेत, हे बघा. मगच काढा.

‘एका कमांडमध्ये सगळं साफ’ म्हणणाऱ्या स्क्रिप्टांबद्दल माझं मत चांगलं नाही. काही स्क्रिप्ट खरंच नीट लिहिलेल्या आहेत, पण चालवणारा प्रत्येक खूण वाचत नाही. एकाकडून मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उडालं. तसं झालं असेल तर टर्मिनलमध्ये इंग्रजीत ‘डब्ल्यूएसरीसेट’, जागा, आडवी रेघ आणि ‘आय’. थोड्या वेळानं स्टोअर परत येतं.

मुळापासून

बहिणीच्या लॅपटॉपवर शेवटी हेच केलं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं ‘मीडिया क्रिएशन टूल’. डाउनलोड अनेक जीबींचं असतं, जांबोटीकडच्या नेटवर्कवर रात्र जाईल, म्हणून शहरातल्या नातेवाइकाचं वायफाय गाठा. विंडोजची किल्ली लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच असते, तीच आवृत्ती बसवली की ते आपोआप सक्रिय होतं, दुकानदाराला पुन्हा पैसे द्यायची गरज नाही.

त्याआधी तीन गोष्टी बघितल्या. लॅपटॉपबरोबर कायमचं ऑफिस आलं असेल तर ते मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे ना. डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की खात्यात सापडते ना. आणि वायफायचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतला ना. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर बसवताना डिस्कच दिसत नाही, तेव्हा घाबरू नका, कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’नं दाखवावा लागतो.

एक युक्ती. बसवताना वेळ आणि चलनाच्या जागी भारत न निवडता ‘इंग्लिश (वर्ल्ड)’ निवडलं की स्टोअरच्या बऱ्याच फुकट पाट्या येतच नाहीत. पुढे एका ठिकाणी प्रदेशाची चूक दाखवतो, ‘स्किप’ करा. सगळं झाल्यावर ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन प्रदेश भारत करा, नाहीतर स्टोअर चालणार नाही. मराठी आणि कन्नड कळफलकही तिथेच जोडून घेतले.

मग डिव्हाइस इन्स्टॉलेशनचा ‘नो’, नोटिफिकेशनच्या खुणा, आणि भावाचं खातं नव्यानं काढून त्यात काही उगवतं का ते बघितलं. नव्हतं. यादीचा फोटो घेतला, एकोणतीस ओळी. महिन्यातला दुसरा मंगळवार अजून आठ दिवसांवर होता, तिला म्हटलं बुधवारी फोटो पाठव.

बुधवारी संध्याकाळी फोटो आला. तीस ओळी. नवी ओळ आवाजाच्या चिपच्या कंपनीच्या कन्सोलची, ड्रायव्हरबरोबर आलेली.

“हे काढू का दादा?”

“पॉपअप येतो का त्याचा?”

“नाही.”

“मग असू दे की.”